अहवालातला चहा

१४ मार्च, दुपार

ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला का? झाली विचारपूस, आता मुद्द्यावर येतो.

माझा अपंगत्व भत्त्याचा अर्ज फेटाळला. अहवालात एक ओळ आहे: ‘अर्जदार पाहुण्यांना स्वतःच्या हाताने चहा करून देतात.’ मानेतली नस दबून हातांतला जोर गेला त्याला दोन वर्षं झाली. तेवढ्या काळात माझ्याकडे चहाला आलेली पाहुणी एकच, तू. मग हे त्यांच्या कानावर कुणी घातलं? भाऊजी कुठे बोलले का? खरं सांग, मी रागावणार नाही. रागावलोच आहे, पण ते जाऊ दे.

त्या लोकांचा भरवसा नाही, म्हणून विचारतो. तुला वाटेल, तपासणी खोलीत होते. छे! ती फाटकापासूनच सुरू होते. तपासणाऱ्या बाई खिडकीतून बघत होत्या. दार मुद्दाम जड. खुर्ची भिंतीला चिकटवलेली, म्हणजे मला ओढावी लागावी. मग त्यांचं पेन पडलं. पडलं कसलं, पाडलं! मी नुसता बघत बसलो, तर त्यांनी तेही टिपलं. उचललं असतं तरी टिपलंच असतं. इकडे आड, तिकडे विहीर. बोलत मात्र गोड होत्या. वीस वर्षं पुस्तकांचं बाइंडिंग केलं मी, डिंक जास्त झाला की मला लगेच कळतं.

इथे पेन थांबलं होतं. अक्षर माझं नाही हे तू ओळखलंच असशील. मी सांगतोय, ही लिहितेय. ही म्हणते, “वन्संवर कशाला आळ घेता? मी शेजारीच बसले होते. तुम्हीच सांगितलंत त्या बाईंना.” वरचं खोडू का, म्हणून विचारते. राहू दे म्हटलं. मी तुझ्यावर संशय घेतला हे तुला कळायलाच हवं.

हो, मीच सांगितलं. बाईंनी विचारलं, “भेटायला कुणी येतं का?” मला लाज वाटली गं. म्हटलं, येते की आमची ताई, माझ्या हातचा चहा पिऊन जाते. हिने डोळे वटारले, पण सोबत आलेल्यांनी तोंड उघडायचं नाही, असा तिथला नियम.

तो चहा माझ्या हातचा नव्हता. ही कामावर जाताना थर्मासमध्ये भरून गेली होती. आत काहीतरी फुटलं तेव्हा मी ‘मांजर’ म्हणालो. आमच्याकडे मांजर नाही. तुझा कप दोन्ही तळव्यांत दाबून आणला, अर्धा सांडला, आणि तू हसून म्हणालीस, “चहा कमी करायला लागलास, शहाणा झालास.”

फेरतपासणीसाठी जवळच्या नातेवाइकाचं लेखी म्हणणं लागतं, महिनाअखेरीच्या आत. भत्ता नाही मिळाला तर हिला दोन पाळ्या कराव्या लागतील. मग मला घास कोण भरवणार? हेही तुला कधी सांगितलं नव्हतं. तू ये. दोन दिवस राहा. मी कसा जेवतो ते डोळ्यांनी बघ आणि बघशील तेवढंच लिही. मला सांभाळून घेऊ नकोस.

खालची सही तेवढी माझी. पेन तीनदा पडलं. या वेळी कुणी पाडलं नाही.

तुझा
धाकटा