चौरंगाचा सरस

२८ ऑगस्ट १९५१, मंगळवार
सरस कातड्याचा असतो!
पास्कल सुतार कुंपणापलीकडून हसत सुटला — "आप्पा, डिंक वाटला काय रे तुला? जनावराची हाडं-कातडी उकळून करतात तो!" आणि मी काल त्याच सरसाने गणपतीच्या चौरंगाचा निखळलेला पाय चिकटवून बसलो! वडी आणली, परसात कढवली. घाण वास येत होता, तरी शंका आली नाही. डोक्यात शाळेत पाठ केलेली आर्या घोळत होती ना!
चतुर्थीला आठ दिवस. सावित्री अर्नाळ्याला गेली आहे, सूनबाईला — शांताला — आणायला. तिचे दिवस भरत आले आहेत. पूर्वी एकदा मूर्तीचा हात दुखावला, त्याच साली आमचा थोरला नरहरी तापाने गेला. सावित्रीने मनातली ती सांगड कधी सोडली नाही. हे कळलं तर बाळ हाती येईपर्यंत ती अन्नाला शिवायची नाही.
ती शनिवारी येणार. त्याआधी सरस निघालाच पाहिजे.

२९ ऑगस्ट
पाय ओढला. हलेना! पास्कल ओरडला — "ओढू नको, लाकूड फाटेल! गरम पान्याचं फडकं गुंडाळ, मऊ झाला की खरवड." तीन फडकी झाली. साग पांढुरका दिसू लागला. घाबरून थांबलो.

३० ऑगस्ट
पाय सुटला! पण खाचेत सरस तसाच, काकवीसारखा. शिंपल्याने खरवडत बसलो. हात आपोआप भुजंगप्रयात वृत्तात चालू लागला — एक आखूड, दोन लांब. गुरुजींची छडी मेजावर अशीच वाजायची. काय दिवस ते! पटांगणात चिंचेखाली बसून आम्ही चाळीस पोरं एका सुरात —
भानावर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. खाच अर्धीही झाली नाही!

३१ ऑगस्ट
पास्कलच्या मार्गारेटने बाटलीभर शिरका दिला. "ह्यानं लवकर सुटेल, आप्पा." सुटलाही. मग आठवलं — हे लोक शिरका ताडीचा करतात. देवाच्या चौरंगाला ताडी! पाच वेळा धुतला.

१ सप्टेंबर, शनिवार
नव्या सरसाखाली जुना निघाला. काळा, काचेसारखा कडक.
पास्कलने बघून मान डोलावली. "हा माझ्या बापाच्या हातचा. तुझ्या बाबांनी त्याच्याकडूनच करवून घेतलेला चौरंग. चारी पायांत असनार."
म्हणजे पन्नास वर्षं! नरहरी गेला त्या साली होताच. आणि धाकटा रामचंद्र जन्मला, त्या सालीही होताच की! कुठली ओळ कुठल्या ओळीला जोडायची?
चारी पाय काढले तर चौरंग उरतो कुठे?
संध्याकाळी दोघी आल्या. शांताचे पाय सुजलेत. सावित्रीने उंबऱ्यातच विचारलं, "चौरंग पुसून ठेवलात ना?"
"हो," म्हटलं. तीन पायांचा चौरंग खाटेखाली.

३ सप्टेंबर
सावित्रीने वाढलेलं ताट अर्धंच संपलं. "तोंड का उतरलंय हो?" म्हणते. पोट बिघडलं म्हटलं. ओव्याचा काढा प्यावा लागला!

५ सप्टेंबर, चतुर्थी
पहाटे शांताला मुलगी झाली. दोघी सुखरूप. घरात सोयर — यंदा आमच्याकडे गणपती नाही!
मग राहवलं नाही. सावित्रीला सगळं सांगून टाकलं — नवा सरस, जुना सरस, शिरकासुद्धा. ती नातीची मूठ अलगद उलगडत म्हणाली, "दहाव्या दिवशी घरभर गोमूत्र शिंपायचंच आहे. त्यात चौरंगही येईल. पण तो पाय पास्कलकडून बसवून घ्या हो. तुम्ही हात लावू नका!"