आईंना एक तारखेला नेण्यासंबंधी

ती. दादांना,

साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून दुखतो, त्यामुळे सध्या पत्रातूनच.) तुमच्या पाठीचं कसं आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे तुमची बहीण बरी आहे, आई उत्तम आहेत आणि मी गोंधळलेला आहे.

तुमचं पत्र पोचलं. आईंसाठी मागची खोली रंगवून घेतलीत, एक तारखेला गाडी घेऊन त्यांना न्यायला येताय, आमची काही अडचण नाही ना, एवढंच तुम्ही विचारलंय. उत्तर एका ओळीचं आहे. फोनवरही देता आलं असतं, पण आमच्या भिंती पुठ्ठ्याच्या आणि आईंचे कान तुम्हाला ठाऊक आहेत. शिवाय गेल्या आठ महिन्यांत इथे काय झालं हे सांगितल्याशिवाय ती ओळ तुम्हाला कळायची नाही. सांगता सांगता मलाही कळली तर तेवढंच बरं.

आई आल्या त्या मनगट मोडलं म्हणून, सहा आठवड्यांसाठी. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण तोवर मी आणि आई एकमेकांशी थेट एक वाक्य बोललो नव्हतो. भांडण नाही हो, आदर. मला चहा हवा का हे त्या तुमच्या बहिणीला विचारणार, ती मला विचारणार, मी तिला सांगणार, ती त्यांना सांगणार, तोवर चहा निवलेला. तिघंही एकाच टेबलाशी बसलेले असतो. तुमची बहीण तलावावर दिवसभर पोरांना पोहायला शिकवून घसा बसवून येते आणि घरी येऊन हे टपालाचं काम करते. तिने एकदा चिडून दोघांच्या मध्ये शिट्टी ठेवली होती, ज्याला बोलायचं त्याने वाजवावी म्हणून. कुणीच वाजवली नाही.

त्याच सुमारास मला हा नाद लागला. आम्ही ज्यांच्यासाठी कवळ्या बनवतो त्या दातांच्या डॉक्टरांनी टीव्हीला जोडायचं एक खेळाचं यंत्र मला देऊन टाकलं (त्यांच्या घरी यंत्र राहील किंवा बायको राहील, अशी वेळ आली होती). त्यात मारामारीचा एक खेळ होता. दोन माणसं समोरासमोर, साठ सेकंद, लाथाबुक्क्या. मी म्हटलं हे काय आपलं वय आहे? पण दादा, मी दिवसभर दाताची उंची केसाएवढी कमी-जास्त करणारा माणूस. या खेळात बटण पापणी लवायच्या आत दाबावं लागतं, जरा उशीर झाला की आडवे. म्हणजे माझाच धंदा, फक्त समोरचा उलटून मारतो. मी एक जाडा लोहार निवडला आणि त्यात पुरता बुडालो.

आता एवढ्या मोठ्या गावात हा खेळ खेळणारं कुणी असू नये? नव्हतं. वाचनालयाच्या फळ्यावर मी चिठ्ठी लावली: मारामारी करण्यासाठी जोडीदार हवा, रविवारी सकाळी, चहा मिळेल. दोन जण आले. एक कराटेचे मास्तर, अनवाणी, काखेत सतरंजी. दुसऱ्या विमा विकणाऱ्या बाई, त्यांनी माझ्या वयाची चौकशी करून जो चेहरा केला तो मी विसरलेलो नाही. इंटरनेटच्या तारेवरून लांबच्या लोकांशी खेळता येतं, ते करून पाहिलं. पण आमचं कनेक्शन असं की मी आत्ता मारलेली लाथ त्याला जेवण झाल्यावर लागते. त्यात ते लोक भयंकर. संध्याकाळी दहा डाव खेळलो की दहा हरायचो, तेही अशा थाटात की समोरचा मध्येच नाक शिंकरून येत असावा.

गोंधळ इथून सुरू झाला. या खेळात पायऱ्या असतात. जिंकलात की वर, हरलात की खाली, आणि तुमच्याच पायरीच्या माणसाशी तुमची गाठ. मी संध्याकाळी मार खाऊन सतराव्या पायरीवर उतरायचो आणि दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन बघतो तर एकविसाव्या पायरीवर! पुन्हा दहा वेळा मार, पुन्हा खाली. दुसऱ्या दिवशी तेविसावी. मला वाटलं यंत्राला माझी दया येत असेल. (आमच्या लॅबमध्ये एका माणसाला असंच दयेपोटी वर चढवत चढवत साहेब केला आहे.) शेवटी मी कंपनीला सविस्तर तक्रार लिहिली की मला माझ्या लायकीवर ठेवा. त्यांचं उत्तर आलं, आभारी आहोत, दुपारी दोन ते पाच या वेळात आपली कामगिरी लक्षणीय आहे. दुपारी दोन ते पाच माझ्या हातात कुणाची तरी खालची कवळी असते. मी समजलो की यांनी मला दुसऱ्या कुणाच्या तरी फायलीत घातलंय, आणि गप्प बसलो.

रविवारी मात्र माझ्याशी खेळायला आई बसायच्या. ही तुमच्या बहिणीची युक्ती. व्यायामवाल्या बाईंनी आईंना बोटं हलती ठेवायला सांगितलं होतं, आणि कचेरीत एकतीस वर्षं टायपिंग केलेल्या बाईला नुसता चेंडू दाबत बसायचा कंटाळा. त्यांनी एक छत्रीवाली सडपातळ बाई निवडली. खाली बसायचं आणि पायावर लाथ मारायची, एवढं एकच त्यांना येत होतं. मी उडी मारायचो आणि वरून हातोडा. दर वेळी मी जिंकायचो. दर वेळी तुमच्या बहिणीला सांगायचो, लागलं असेल तर माफ करा म्हणावं. त्या तिच्याकडे बघून म्हणायच्या, जावईबापूंचा हात चांगला बसलाय म्हणावं. म्हणजे बघा: आईंना मी हमखास हरवतो, पायरी माझी रोज चढते, आणि इतर सगळ्यांकडून मी मार खातो. या तिन्हींचा मेळ कसा घालायचा हे मला काही केल्या कळेना. तेव्हा एकदा प्रत्यक्ष माणसांत जाऊनच बघावं असं ठरवलं.

स्पर्धा आमच्यापासून बसने आठ तासांवर. आईंना एकटं कसं ठेवायचं म्हणून त्याही आल्या, आणि आल्याच आहेत तर नुसत्या बसण्यापेक्षा खेळतील म्हणून तुमच्या बहिणीने दोघांचीही नावं घातली. एका शाळेच्या तळघरात टेबल टेनिसची टेबलं बाजूला सारून सोळा टीव्ही मांडले होते. तीसेक माणसं, बहुतेक माझ्या निम्म्या वयाची, आणि सगळी एकमेकांना ओळखणारी. मी दारातून आत शिरताना एक जण दुसऱ्याला सांगत होता की लोहाराचा हातोडा उशिरा उतरतो. दादा, इतके महिने ही गोष्ट मी कवळ्यांना सांगत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग डब्यातून चिठ्ठ्या काढल्या, आणि पहिल्या फेरीत माझ्यासमोर कोण यावं? आई. आठ तास बसमध्ये पाय आखडून मी गेलो, तो ज्या बाईंशी घरच्या सोफ्यावर खेळतो त्यांच्याशीच खेळायला.

घरी पडदे लावलेले असतात. इथे पन्नास डोळे. चारचौघांत आईंच्या डोक्यात हातोडा घालून त्यांना पहिल्याच फेरीत बाहेर काढायचं, हे माझ्याच्याने होईना. मी ठरवलं, आज आपण हरायचं. लोहाराला मागे मागे नेऊन कोपऱ्यात उभा केला. बघतो तर छत्रीवालीही मागे मागे जाऊन दुसऱ्या कोपऱ्यात. त्यांनाही हरायचं होतं. पण दुसऱ्याने मारल्याशिवाय हरणार कसं? साठ सेकंद आम्ही दोन टोकांना उभे. डाव बरोबरीत. पुन्हा खेळवला, पुन्हा तेच. मागे गर्दी जमली, हा काहीतरी खोल डावपेच आहे असं समजून एक जण टिपून घेऊ लागला. पंच म्हणजे निळ्या केसांची एक मुलगी, तिने आधी बटणं तपासली, मग आम्हाला तपासलं आणि म्हणाली की आता कुणी मारलं नाही तर दोघंही बाद.

तेव्हा आई माझ्याकडे वळल्या. तुमच्या बहिणीकडे नाही, माझ्याकडे. म्हणाल्या, "जावईबापू, आठ तास बसून आपण कोपऱ्यात उभं राहायला आलो का? मारा."

मी म्हटलं, "आधी तुम्ही."

ही माझी चूक झाली. अकरा सेकंद. त्या छत्रीने काय काय होतं हे मला त्या दिवशी कळलं. मी हवेत होतो तो जमिनीवर आलोच नाही. त्यानंतर आईंनी आणखी दोघांना हरवलं, चौथ्याशी हरल्या, आणि ती सगळी पोरं त्यांच्याभोवती गोळा होऊन मनगटाची चौकशी करत होती. मी तुमच्या बहिणीकडे पाहिलं. ती शिट्टीच्या दोरीशी चाळा करत छताकडे बघत होती. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

परतीच्या बसमध्ये आई माझ्या शेजारी बसल्या. दुपारी घर रिकामं, बोटं हलवायची होती, म्हणून रोज दोन ते पाच बसत होते, म्हणाल्या. तुमच्याच नावावर खेळले, मला कशाला हवंय मिरवायला. पाच तास त्या माझ्या चुका सांगत होत्या: मी घाबरलो की उडी मारतो, जिंकायला आलो की डोळे मिटतो. अठरा वर्षांचं बोलणं एका बसमध्ये झालं. फक्त, रविवारी माझ्याशी खेळताना ती एकच लाथ का मारत होतात असं विचारलं, तर त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्या पायऱ्यांतल्या माझ्या किती आणि त्यांच्या किती, हे मला आजही सांगता येत नाही.

तेव्हापासून आम्ही रोज सकाळी सात वाजता, मी लॅबला जायच्या आधी, खेळतो. आता मुद्दाम डाव सोडणं नाही, लपवणं नाही, तसं ठरलंच आहे. चहाही त्या मलाच विचारतात. गेल्या रविवारी दहापैकी तीन डाव मी जिंकलो. तीन, दादा. खरे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आमची काही अडचण नाही, एक तारखेला अवश्य यावे. वहिनींना नमस्कार.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. तुमच्या बहिणीने सांगितलंय की येताना तिचा जुना पंप घेऊन या, सायकलचा.

ता. क. दुसरा. वरचं उत्तर जावयाने लिहायचं असतं तसं लिहिलं आहे. खरं सांगायचं तर आईंना नेऊ नका. या गावात हा खेळ समजणारी दोनच माणसं आहेत आणि दोन्ही याच घरात आहेत. खेळाचं जाऊ द्या, मला त्यांची सवय झाली आहे. पण राहा असं मी त्यांना म्हणू शकत नाही, आणि लेकीकडे किती दिवस राहायचं, या संकोचाने ‘राहते’ असं त्या म्हणणार नाहीत. आम्ही पुन्हा दोन कोपऱ्यांत उभे आहोत. खोलीचा रंग वाळला नाही म्हणा, गाडी बिघडली म्हणा, काहीही म्हणा. हे मी तुम्हाला लिहिलं असं मात्र आईंना कळू देऊ नका.

ता. क. तिसरा. चि. दादास अनेक आशीर्वाद. पत्र पेटीत टाकायला मीच निघाले होते, पाकीट जड लागलं म्हणून उघडलं. व्याकरणाच्या दोन चुका नीट केल्या आहेत. रविवारचे ते तीनही डाव मी सोडलेले आहेत, त्यांच्याजवळ बोलू नकोस. जावईबापूंनी मला एकदा खरं हरवलं की त्याच दिवशी बॅग भरायची, असं मी ठरवलंय. मन लावून शिकवते आहे, पण ते अजून डोळे मिटतात. तेव्हा खोली रिकामी ठेवू नकोस, कुणाला तरी राहायला दे. — आई