कोपऱ्यातला वाफा

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणंही लोकांना विचित्र वाटेल. मला नाही वाटत. आज आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगवाले आलेत. त्यांतला एक म्हणाला, "मावशी, तीन दिवस पाणी उभं करावं लागतंय." झालं, डोकंच फिरलं माझं.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झालेला. जिकडंतिकडं कचेऱ्या उभ्या राहत होत्या, आणि पाऊस गायब. तुम्ही मिस्त्री. विटांच्या तुकड्यांचा कोबा, भिंतीच्या कडेला सिमेंटचा गोल वाटा, पाइपाकडं नेमका ढाळ. तुमच्या हाताला तोड नव्हती, ते कशाला नाकारू? पण एका नव्या कचेरीच्या गच्चीवर बांध घालून तुम्ही चौकोनी वाफे केले, टँकरभर पाणी त्यांत उभं केलं आणि प्रत्येक बांधावर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीनं रेघ मारली. खाली माय रिकामी घागर घेऊन उभी. धाकट्याला जुलाब लागलेले, दुपटी धुवायला घरात थेंब नाही.

"दोन घागरी द्या की वो," ती म्हणाली.

"येडी हायस का? पाणी काढलं तर गळती कशी कळंल? अशी गच्ची सोपवत न्हाई मी कुणाला!"

चार गवंड्यांसमोर म्हणालात. माय मान खाली घालून परत फिरली. तुम्ही सगळे खाली सावलीत जेवायला बसलात तेव्हा मी मागच्या शिडीनं वर चढले, पाइपाजवळच्या कोपऱ्यातल्या वाफ्यातून दोन घागरी उपसल्या आणि दुपटी धुतली. मायनं पाणी कुठलं ते विचारलं नाही.

संध्याकाळी तुम्ही रेघा पाहिल्या. बाकीच्या वाफ्यांत उन्हानं जायचं तेवढंच गेलेलं, कोपऱ्यात दोन बोटं जास्त. तुम्ही स्वतःच्या हातानं छिन्नी लावून तो कोपरा फोडलात. इंजिनियर साहेब बघून म्हणाला, "मिस्त्री, हात गेला तुमचा." पुन्हा कुणी तुम्हाला गच्ची दिली नाही. दुसऱ्यांच्या हाताखाली गिलावा करत राहिलात, आणि जेवताना मायला विचारायचात, "कुठं चुकलं माझं?" माय भाकरी वाढायची. मी पाणी द्यायचे.

गच्ची गळत नव्हती, अप्पा. हे तुम्ही होता तेव्हा सांगायला हवं होतं, पण मला सांगायचं नव्हतं. आता हा कागद पाठवू कुठं? राहू दे वहीतच. पाणी घेतल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. एकाच वाफ्यातून घेतलं, ते चुकलं. सगळ्यांतून थोडं थोडं घ्यायला पाहिजे होतं.