ड्वेनने ट्रक आणू नये याविषयी

डॉर्चेस्टर, बॉस्टन
१६ सप्टेंबर

प्रिय बर्नी,

तुला, ड्वेनला आणि घरातल्या सर्वांना आशीर्वाद.

हे पत्र लिहिणे मला तू शनिवारी फोनवर ठेवलेल्या निरोपामुळे भाग पडले आहे. निरोप साडेचार मिनिटांचा होता. त्यातली पहिली दोन मिनिटे तू कुत्र्याला रागावत होतीस. उरलेल्यातून मला कळले ते असे, की ऑक्टोबरात ड्वेन तुमच्या चर्चमधल्या चार जणांना घेऊन बॉस्टन, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया दाखवायला निघणार आहे, सगळे त्याच्या ट्रकमधून नेब्रास्काहून इथवर येणार आहेत, तू मात्र भोपळ्यांच्या जत्रेमुळे येणार नाहीस, आणि मी त्यांच्यासाठी 'दोन-चार उपयोगी गोष्टी' सांगाव्यात. मी फोन केला नाही, कारण फोनवर तू मधेच हसतेस आणि मग माझ्या बोलण्याला वजन राहत नाही. तुझी पाठ आता कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसशील, म्हणून सुधारणा असेल अशी मी अपेक्षा करत नाही. नातवाच्या दाताचे कळव.

तर उपयोगी गोष्टी. पहिली: ट्रक आणू नये. दुसरी आणि तिसरीही तीच. पस्तीस वर्षे शाळेत भूमिती शिकवूनही बॉस्टनचे रस्ते मला सिद्ध करता आलेले नाहीत. इथे समांतर रेषा एकमेकींना दोन-तीनदा भेटतात आणि वाट विचारली तर लोक 'पूर्वी बेकरी होती ना, तिथून डावीकडे' असे सांगतात (ती बेकरी तू सातवीत असताना बंद झाली). न्यूयॉर्कमध्ये रस्त्यांना आकडे आहेत, त्यामुळे आपण नेमके कुठे हरवलो ते कळते, पण ट्रक उभा करायला जागा मिळेपर्यंत सुट्टी संपते. फिलाडेल्फियात एका मोठ्या रस्त्यावर लोक गाड्या सरळ मधोमध उभ्या करून जेवायला जातात आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही. परगावच्या माणसाने मात्र हा प्रयोग करू नये. शिवाय ड्वेनला समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करायची सवय आहे. तुमच्याकडे त्याला माणुसकी म्हणतात. इथे ते नेमके कोणते बोट होते हे बघत बसायला कोणाला वेळ नसतो.

आता तू म्हणशील, फेब्रुवारीत आईचे कपाट न्यायला तो ट्रक घेऊनच आला होता आणि सगळे छान झाले. छान झाले हे त्याने तुला सांगितले. काय झाले ते मी सांगते, कारण दोष तुझा आहे. तू या गल्लीत बावीस वर्षे वाढलीस, त्या माणसाशी चौतीस वर्षे संसार केलास, आणि एवढ्या काळात बर्फातल्या खुर्चीचा नियम त्याच्या कानावर घालायला तुला सवड झाली नाही.

त्या आठवड्यात दीड फुटाहून जास्त बर्फ पडला होता. माझ्या खालच्या मजल्यावर अँसेल्मो बारोस राहतात (तू सासरी गेल्यावर आले, एकतीस वर्षे झाली. केप व्हर्डी बेटांवरचे आहेत. शहराची बस चालवून निवृत्त झाले). त्यांची पत्नी इडालिना हिचा खुब्याचा सांधा बदलला होता आणि त्या गुरुवारी ती घरी यायची होती. हॉस्पिटलने अट घातली होती की गाडीपासून दारापर्यंत दहा पावलांहून जास्त बर्फ तुडवावा लागणार असेल तर घरी पाठवायचे नाही, तीन आठवडे शुश्रूषागृहात ठेवायचे. तीन वाजता परिचारिका स्वतः येऊन बघणार होती. इडालिनाने आधीच जाहीर केले होते की हॉस्पिटलची हिरवी जेली ती यापुढे एक चमचाही खाणार नाही. म्हणून शहात्तर वर्षांच्या त्या माणसाने सकाळी सहापासून साडेदहापर्यंत पायऱ्यांसमोरची जागा फावड्याने मोकळी केली. मी खिडकीतून पाहत होते. अकरा वेळा थांबले. (माझी मोटार कोपऱ्यावर आहे आणि तिची जागा मी स्वतः उकरली होती, त्यामुळे मदतीला गेले नाही, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले.) मग त्यांनी मोटार बाहेर काढली, जागा राखायला तिथे स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली (ज्याने बर्फ उकरला त्याची जागा, एवढाच नियम) आणि इडालिनाला आणायला गेले. नगरपालिकेच्या मते अशी खुर्ची दोन दिवस चालते. गल्लीच्या मते बर्फ वितळेपर्यंत. इथे चोरसुद्धा त्या खुर्चीला वळसा घालून जातात.

एक वाजता ड्वेन जिना चढून वर आला. हातात खुर्ची. ती दाराशी ठेवून त्याने आधी अर्धा तास बसून सूप प्यायले आणि मग ती मला दाखवली.

"अ‍ॅग्नेस, तुम्हा शहरातल्या लोकांना वस्तूची किंमत नाही बघ! इतकी चांगली खुर्ची भर रस्त्यात टाकलेली. नुसता एक पाय डुगडुगतोय."

मी विचारले, रस्त्यात कुठे.

"तुझ्या दारासमोरच. आणि माझं नशीब बघ, नेमकी तेवढीच जागा रिकामी!"

हे बोलता बोलता त्याने खुर्ची माझ्या जेवणाच्या टेबलावर उलटी केली आणि पायाला गोंद लावलासुद्धा. (गोंद ट्रकमध्ये असतो. तुझ्या नवऱ्याच्या ट्रकमध्ये सगळे असते.) मी त्याला दोन वाक्यांत नियम समजावून सांगितला. नापास झालेल्या मुलांचे चेहरे मी आयुष्यभर पाहिले आहेत, पण इतका पडलेला चेहरा पाहिला नाही. तो कोट न घालता खाली धावला. मीही गेले, कोट घालून.

पण तोवर गल्लीने आपले काम उरकले होते. समोरच्या पेग स्कॅनलनने पडद्याआडून सगळे पाहिले होते आणि चार घरी फोन केले होते. बाजूला उपसलेला बर्फ त्या लोकांनी फावड्यांनी परत ट्रकवर चढवला होता, दारांच्या कड्यांपर्यंत, आणि वर पाण्याच्या बादल्या ओतल्या होत्या. त्या थंडीत पाणी ओतताक्षणी गोठत होते. ट्रक आता ट्रकच्या आकाराचा एक डोंगर झाला होता. नंबराची पाटी मात्र त्यांनी फडक्याने पुसून लख्ख ठेवली होती, गुन्हेगार कुठला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावे म्हणून.

"काय रे ए नेब्रास्का!" पेग पायरीवरून ओरडली. "खुर्ची काय तुझ्या काकानं ठेवली होती?"

"मॅडम, मला वाटलं कुणाची तरी गाडीतून पडली."

"पडली? आणि पडून चार पायांवर उभी राहिली?"

तेवढ्यात अँसेल्मोंची मोटार कोपऱ्यावरून वळली.

दोन वाजायला दहा मिनिटे होती. त्यांना रस्त्याच्या मधेच थांबावे लागले. मोटार आणि पायऱ्या यांच्यामध्ये कमरेएवढा बर्फाचा बांध, आणि त्याच्यापलीकडे ड्वेनचा डोंगर. ते उतरले, डोंगराकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि त्यांनी टोपी काढली.

"मिस किओहेन," ते म्हणाले, "इथे माझी खुर्ची होती."

ओरडले असते तर बरे झाले असते. मी म्हणाले, "ती माझ्या टेबलावर आहे, मिस्टर बारोस, आणि तिला गोंद लावलाय." माझ्या आयुष्यात मी याहून निरर्थक वाक्य उच्चारलेले नाही.

इडालिनाने काच खाली केली. "अँसेल्मो, मी जेलीकडे परत जाणार नाही, सांगून ठेवते. इथे गाडीतच राहीन. जून उजाडेपर्यंत राहीन."

ड्वेन नाहीसा झाला होता. मला वाटले, पळाला. (त्याच्याविषयी असे वाटल्याबद्दल तू मला बोल लावू शकतेस.) तो परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर बाबांची हातांची खुर्ची होती. बाबा गेल्यापासून त्या खुर्चीवर कोणी बसलेले नाही. त्याने मला विचारले नाही. विचारले असते तर मी नाही म्हणाले असते.

"मॅडम, तुमची हरकत नसेल तर यात बसा," तो इडालिनाला म्हणाला. "घाबरू नका. यापेक्षा वाईट वाटेवरून मी गाभण गाय उचलून आणलीय."

"अगं बाई, हा तिला गाय म्हणतोय!" पेग.

"म्हणू दे," इडालिना म्हणाली. "उचलतोय ना? माझा नवरा पन्नास वर्षांत काही म्हणालाही नाही आणि उचललंही नाही."

पुढचे सांगायला मला संकोच वाटतो, कारण मीही त्यात होते. ज्यांनी ट्रक पुरला त्यांनीच त्याच फावड्यांनी बांध फोडला. ड्वेन पुढच्या बाजूला, पेगचे दोन मुलगे (दोघेही पंचेचाळिशीच्या पुढचे) मागच्या, आणि मी बाजूने तिचा पाय सरळ धरून. मधे अँसेल्मो सगळ्यांना बस मागे घेताना देतात तशा सूचना देत होते. पायऱ्यांपाशी आल्यावर इडालिनाने हात वर केला. म्हणाली, एवढं उचललंच आहे तर आधी कोपऱ्यावरच्या मासेवाल्यापर्यंत नेऊन आणा, तो मला मेली समजतोय. ड्वेनने नेले. मासेवाला बाहेर येऊन रडला आणि एक बांगडा फुकट दिला.

तीन वाजता परिचारिका आली. तिने विचारले, गाडीपासून दारापर्यंत बर्फावरून किती पावले चालावे लागले? इडालिना म्हणाली, "एकही नाही." परिचारिकेने तसे लिहून घेतले आणि ते अक्षरशः खरे होते.

ट्रक मोकळा व्हायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत माझी कोपऱ्यावरची जागा मी अँसेल्मोंना दिली आणि माझी मोटार शाळेच्या आवारात ठेवली. ड्वेनने गल्लीतल्या प्रत्येक दारापुढचा बर्फ काढला, पेगच्या तळघरातला नळ दुरुस्त केला, आणि खालच्या मजल्यावर मका-घेवड्याचा कचुपा इतका खाल्ला की इडालिनाने दुसऱ्या दिवशी मोठे पातेले काढले. तेव्हापासून तो रस्त्यातली कोणतीही खुर्ची दिसली की टोपीला हात लावतो. तुला वाटत असेल त्याने ही सवय तिकडे कुठून आणली, तर इथून.

म्हणून सांगते, त्या पाच जणांनी विमानाने यावे. पुढे आगगाडी. बॉस्टनहून न्यूयॉर्कला जाताना डाव्या हाताला बसावे, समुद्र दिसतो. उजव्या हाताला बसले तर कारखान्यांच्या मागच्या बाजू दिसतात, त्या तुमच्याकडेही असतील. न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीत बाकीचे डबे खच्चून भरलेले असताना एकच डबा रिकामा दिसला तर आनंदाने आत शिरू नये. तो रिकामा असण्याला कारण असते आणि ते कारण आतच बसलेले असते. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे. जिन्याच्या तोंडाशी थांबून नकाशा उघडणाऱ्याला मागचा माणूस जे बोलेल ते मनावर घेऊ नये, पण ते खरे असते. डब्यातल्या प्रत्येकाला 'कसं काय' विचारू नये. एखादा खरेच सांगू लागतो आणि उतरायचे स्टेशन निघून जाते. फिलाडेल्फियात मांसाचा पाव घ्यायच्या रांगेत आपल्याला काय हवे ते खिडकीपाशी पोचण्याआधी ठरलेले असावे. ड्वेन तिथे वाढणाऱ्याच्या आईची चौकशी करील. त्याला रांगेत सगळ्यांत शेवटी उभे करावे.

बूट मळखाऊ आणि सवयीचे असावेत. याहून जास्त उपयोगी असे मला काही माहीत नाही. नातवाला माझे आशीर्वाद. पाठीचे व्यायाम कर.

तुझी मोठी बहीण,
अ‍ॅग्नेस

ता. क. पेग स्कॅनलनने ड्वेन कधी येतोय असे या महिन्यात दोनदा विचारले. हे त्याला सांगू नये.

ता. क. दुसरा. वर ट्रक आणू नये असे लिहिले आहे, ते चर्चच्या चौघांपुरते समजावे. ते विमानाने येतील आणि वरच्या सूचनांवर तिन्ही शहरे आपली आपण पाहतील. प्रौढ माणसे आहेत. ड्वेनने ट्रक आणावा. १४ ऑक्टोबरला माझा डावा गुडघा बदलायचा आहे. हॉस्पिटलच्या अर्जावर 'घरी नेणारी व्यक्ती' अशी एक ओळ असते, ती मी आठ महिने कोरी ठेवली होती. ट्रकची बैठक उंच आहे, पाय सरळ राहतो. त्यांनी मला आधी ३० सप्टेंबर दिली होती. तुझा निरोप ऐकल्यावर सोमवारी मी ती बदलून घेतली. कारण विचारले तेव्हा वाहतुकीची अडचण असे सांगितले. ड्वेनला विचार, चालेल का. फोन तू करू नकोस, त्याला करू दे.

ता. क. तिसरा. सुपूर्द केल्याची नोंद, तुझ्या माहितीसाठी. १६ सप्टेंबर, सकाळी सव्वादहा. माझ्या घराच्या पुढच्या दाराची जादा किल्ली, नग एक. देणार: अ‍ॅग्नेस किओहेन. घेणार: इडालिना बारोस, खालचा मजला. मी सही मागितली, ती तिने केली. सहीशेजारी तिच्या हस्ताक्षरात: 'मिळाली. एकतीस वर्षांनी. पातेलं घेऊन येईन, दार वाजवणार नाही.'