गाडीतली घराची किल्ली

सूनबाई,

रात्रपाळीहून येऊन तुला आत्ताच कुठे डोळा लागलाय. उठवायचा धीर होत नाही, म्हणून लिहितो.

खाली आपल्या गाडीत कुणीतरी शिरलं होतं. काच फुटलेली नाही, दारही लावलेलं आहे; पण सीट मागे रेललेली आहे आणि समोरच्या खणातली घराची जादा किल्ली गेली आहे. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाहीच.

"बाबा, किल्ली गाडीत नको," असं तू बजावलं होतंस. पण मी सारखा घराबाहेर अडकतो, म्हणून ठेवली. गाडीबाहेर अडकलो की काचेच्या फटीतून पट्टी सारून दार उघडायचो, तेही भर रस्त्यात. परवा घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, आम्हालाही शिकवा की!" आयुष्यात मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी पुन्हा करून दाखवलं. गाडी आपल्याच दाराशी असते. घर कुठलं, हे किल्ली नेणाऱ्याला शोधावंही लागणार नाही.

कुलूपवाल्याला घेऊन येतो, एवढंच लिहून निघणार होतो. पण मी गेल्यावर आतून कडी कोण लावणार? जिन्यात जरा खुट्ट झालं तरी माझा हात थांबतोय. तेव्हा आता तुला उठवतोच. तोंडाने मला हे सगळं सांगता यायचं नाही. ही चिठ्ठी तुझ्या हातात देऊन मी नुसतं "कडी लाव" म्हणेन आणि बाहेर पडेन. कडी लागल्याचा आवाज आला की मगच जिना उतरेन.

बाबा