पुन्हा ओळीत

९ ऑक्टोबर
थळला आले एकदाची! नीराबाईंच्या माडीवर खोली मिळाली. खिडकीसमोर बोंबील वाळत असतात. वासाची सवय होईल म्हणे. कोळंबीचं कालवण वाढताना त्यांनी विचारलं, “प्राची बाय, औषधाच्या कंपनीत तू नक्की करतेस काय गो?” गोळीतलं औषध पोटात लवकर विरघळावं म्हणून मी ते दळते, असं सांगितलं. त्या हसल्या, “म्हंजे गिरणीवालीच की!”

१४ ऑक्टोबर
आमची गिरणी म्हणजे पोलादी गोळ्या भरलेलं फिरतं भांडं. स्फटिकात रेणू कवायतीला उभे असल्यासारखे ओळीत असतात. गोळ्यांचे तडाखे बसत राहिले की ओळी मोडतात. औषध तेच, पण आतली शिस्त गेलेली. मग ते पाण्यात चटकन विरघळतं. आज क्ष-किरणांच्या आलेखात एकही टोकदार शिखर उरलं नाही, नुसता पसरट उंचवटा, म्हणजे ओळी पार मोडल्या! गिरणी चालवणाऱ्या हिरामणदादांना मी पेढा दिला. धास्ती एकच. अशी पूड मुळात अस्वस्थ असते. ओल लागली की रेणू पुन्हा ओळी धरू लागतात, आणि इथली हवा तर दमट.

१९ ऑक्टोबर
भांड्याच्या झाकणाची कड झिजलीय. उघडताना पूड उडते. मास्क लावूनही जिभेवर कडू चव राहते. हिरामणदादा सारखे खोकतात. गिरणी थांबवा, असं कारखान्याच्या प्रणय साहेबांना सांगितलं. ही खेप जाऊ दे, मग बघू, म्हणाले.

२२ ऑक्टोबर
दादांच्या रुमालावर पांढरे कण दिसले. सूक्ष्मदर्शकाखाली धरले. सुया. दळण्याआधी स्फटिकांच्या होत्या तशाच. आणि ओल्या काचेवर त्या माझ्यादेखत लांब होत होत्या. दादांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता अलिबागला दवाखान्यात चला. म्हणाले, “बोटं वाकत न्हाईत ताई, मोटारसायकल कशी धरू?” मी रिक्षा आणायला फाटकाकडे धावले.
परतले तेव्हा ते स्टुलावर बसले होते. ताठ. डोळे उघडे, बुबुळांवर दंव— नाही, दंव नव्हतं ते. खांद्याला हात लावला तर शर्टाखाली काहीतरी करकरलं.

२३ ऑक्टोबर
हृदयविकाराचा झटका, असं साहेबांनी दादांच्या घरी कळवलं. मी गिरणीची वीज तोडली. खोलीला कुलूप लावलं, चावी खाडीत टाकली. हात थरथरतात. थरथरतात तोवर बरं.

२५ ऑक्टोबर
पापण्या चिकटलेल्या. उशीवर मीठ सांडल्यासारखं. दवाखान्यात फोन लावला, पण जीभ जड, पत्ता त्यांना कळलाच—
पाणी प्यायचं नाही. ओलीनेच वाढतात. पण शरीर तर सगळं आतून ओलंच—

२६ ऑक्टोबर
जबडा उघडत नाही. श्वास सोडला की आरशावर सुया उगवतात.
नीरामावशी जिना चढताहेत. पेजेचा वास. “पडून रहा गो बाय, मीच येते आत.”
आतून कडी लावायला गेले, सरकत नाही. बोटं—
कागद दाराखालून ढकललाय. आत येऊ नका, माझा श्वास घेऊ नका.
पावलं थांबली. कागद उचलला.
मावशींना कुठे वाचता ये