शमीचं वाण

अबू धाबी,
२ एप्रिल २००२

तीर्थरूप आई,
पाया पडते.

गुडघा कसा आहे? आरव मजेत. मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देतो, मेतकूट मात्र मराठीतच मागतो. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आवाज आनंदी वाटतोय." आहेच मी आनंदी. पण तुमचा फोन शेजाऱ्यांच्या घरात, तिथे सगळे कान टवकारून बसलेले. म्हणून लिहिते आहे.

आमच्या कंपनीने हायवेलगत वाळवंटात झाडांचा पट्टा लावायला घेतलाय, हे मागे सांगितलं होतं. सांडपाणी शुद्ध करून त्यावर झाडं जगवायची. माझी बदली त्याच खात्यात झाली. तिथलं मुख्य झाड घाफ. ते पहिल्यांदा जवळून पाहिलं आणि हसूच आलं. अहो, ही तर आपली शमी! तुम्ही गणपतीला वाहता तीच.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या बायका संक्रांतीला दरवर्षी प्लास्टिकचे डबे लुटतात. इथे उंट प्लास्टिकच्या पिशव्या खाऊन मरतात, त्यात आपण भर कशाला घालायची? मी आमच्या जमाल साहेबांना विचारलं, वाण म्हणून नर्सरीतली रोपं देऊ का? ते म्हणाले, "यल्ला, दे दो! बडा होगा तो सब मिलके उधर लगाएंगे." मंडळाच्या अध्यक्ष उर्मिलाताई म्हणाल्या, "रोपं तुझी, तर वाटायचीही तूच."

अनिल गेल्यापासून दोन वर्षांत मी कुणाच्या हळदीकुंकवाला गेले नव्हते. त्या दिवशी गेले. कुंकू लावायला उर्मिलाताई, रोपं द्यायला मी. "आठवड्यातून एकदाच पाणी," असं प्रत्येकीला बजावलं.

फेब्रुवारीत रोपं पिवळी पडायला लागली आणि कुजबुज सुरू झाली. मंडळातली ममता उर्मिलाताईंना फोनवर काय म्हणाली, ते त्यांनीच मला सांगितलं: "वाण कुणाच्या हातचं घेतलं ते बघा ना. अनिल गेल्यावर तिने असल्या कामात पुढे यायलाच नको होतं."

आई, मी रडले नाही. संताप आला. सरळ ममताच्या घरी गेले आणि बाल्कनीतल्या कुंडीत बोट खुपसलं. चिखल!

"पाणी किती घालतेस?"

"सकाळ-संध्याकाळ तांब्याभर. तुळशीला घालते तसं. डेझर्टमधलं बिचारं रोप, तहानलेलं असणार ना!"

"आता पाणी बंद," मी म्हटलं. "मेलं तर माझ्या नावाने खडे फोड. नाहीतरी फोडतेच आहेस."

ती गोरीमोरी झाली. मग घरोघर फिरले. जाईन तिथे तोच प्रकार, नमस्कार करून तांब्या ओतणाऱ्या. जगात वाळवंटातलं झाड पाण्यात बुडवून मारणाऱ्या फक्त आपल्याच बायका असतील! शमीचे वरून लाड केले की मुळं कुजतात. पाणी कमी मिळालं तर ती खोल जातात.

मार्चमध्ये कोंब फुटले. दोन-चार रोपं गेली, बाकी तरली. गेल्या शुक्रवारी सगळ्या मिळून ती पट्ट्यात लावायला गेलो. साड्या खोचलेल्या, तोंडं उन्हाने लाल. ममता रोप घेऊन माझ्यापाशी आली. आधी पर्समधून करंडा काढला आणि सगळ्यांदेखत माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी तिचा हात अडवला नाही. "पहिलं झाड तू लाव," म्हणाली. लावलं. कंपनीने तिथे मंडळाच्या नावाची पाटी लावली आहे. तिचा अभिमान वाटतोच, पण त्याहून जास्त माझ्या कपाळाचा वाटला.

एवढं सांगायला मी चार दिवस का घाबरले, तुम्ही ओळखलं असेल. मामंजी गेल्यावर हळदीकुंकवाच्या दिवशी तुम्ही दार लावून बसायचात. मी नवी सून. मिळालेलं वाण तुमच्या नजरेस पडू नये म्हणून पदराखाली लपवून आणायचे. तेव्हा तुम्हाला हाताला धरून बाहेर न्यायचं धैर्य माझ्यात नव्हतं. आता आहे.

सोबतच्या पुडीत त्याच करंड्यातलं कुंकू आहे. पाकिटावर तुमच्या नावाआधी गं. भा. लिहिलेलं नाही, नुसतं सगुणाबाई लिहिलं आहे. पोस्टमन बरोबर आणून देईल. जूनमध्ये मी आणि आरव येतोय. तोवर तुम्ही स्वतः लावलंत तर माझ्यासारखी भाग्यवान मीच. नाहीतर दार उघडाल तेव्हा उंबऱ्यातच मी लावीन. चार कान काय, चार डोळेही बघू देत.

आजही अनिलचीच बायको,
तुमची सून
विभावरी